दोन विद्यार्थी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तोफा आणि तहनामे उभे राहतात. परंतु इंग्रजी हजारएक अक्षरांएवढ्या मजकुराने देशोदेशींची दप्तरे एका दिवसात कोरी केली, हाही इतिहासच होय. मी कादंबऱ्या लिहितो. पण इतका धूर्त खलपुरुष मला कधी सुचला नाही!

सन १९९८ मधली गोष्ट. तैवानात, ताइपे येथील तातुंग संस्थेत चेन इंग-हौ नावाचा विद्यार्थी शिकत होता. संगणकाच्या रक्षणाची फुशारकी मारणाऱ्या कंपन्यांची जिरवावी, अशा ईर्ष्येने त्याने एक व्हायरस रचला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘सीआयएच’ म्हणू लागले. घातासाठी त्याने नेमलेली तारीख होती २६ एप्रिल. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली ती याच तारखेस. म्हणून ‘चेर्नोबिल’ हेही नाव त्याला चिकटले.

त्याची युक्ती ऐकण्याजोगी आहे. विंडोज ९५ आणि ९८ वरील प्रोग्रॅमच्या फायलींत मधूनमधून मोकळी जागा राही. हा पाहुणा स्वतःचे तुकडे करून त्या सांदीकोपऱ्यांत दडे. फायलीचा आकार तसूभरही वाढत नसे; मग संशय यावा कुणाला? १९९९ च्या मार्चमध्ये तर आयबीएमचे काही नवेकोरे संगणकही त्याला पोटात घेऊनच गिऱ्हाइकांकडे गेले.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. लोकांनी नेहमीप्रमाणे बटणे दाबली आणि व्हायरस जागा झाला. हार्ड डिस्कच्या आरंभीचा एक मेगाबाइट भाग त्याने शून्यांनी भरून टाकला. कित्येक संगणकांतली, यंत्राला जाग आणणारी बायोस चिपही त्याने पुसली. तिथे पडदा काळाच राहिला. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, बांगलादेश येथे मोठा हाहाकार उडाला.

त्याला हुसकावणेही सोपे नव्हते. तो स्मृतीत ठाण मांडून बसे आणि उघडेल त्या प्रोग्रॅमला डसे. त्याच संगणकावर तपासणी सुरू केली, तर तपासासाठी उघडलेली प्रत्येक फाइल बाधे! पहारेकरीच चोराला दारे दाखवीत हिंडावा, तशातला प्रकार. म्हणून जाणते लोक संगणक बंद करीत, लेखनबंदी केलेल्या निर्मळ फ्लॉपीवरून तो चालू करीत आणि मगच झाडलोट करीत. घर बाधलेले असले की दिवा बाहेरून आणावा लागतो.

आणि पुसले गेलेले? डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे, याची नोंदवही असते. तिच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. पहिली नष्ट झाली, तरी मोठ्या डिस्कवर दुसरी पुष्कळदा त्या एका मेगाबाइटच्या पलीकडे सुखरूप राही. ढाक्याच्या एका विद्यार्थ्याने हे मर्म ओळखले, दुसऱ्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तो लोकांना फुकट वाटला.

चेनवर तैवानात त्या वेळी खटला उभा राहिला नाही, कारण तिथे कोणी फिर्यादच केली नव्हती. त्याचे नाव जगाच्या तोंडी राहिले. ढाक्याच्या मुलाचे फार थोड्यांना ठाऊक आहे. दोघेही विद्यार्थी, दोघांचीही बुद्धी तल्लख, दोघांनाही डिस्कचा कानाकोपरा पाठ. वाचकहो, एकाने त्या विद्येने दिवे मालवले, दुसऱ्याने लावले. वर्गात मी मुलांना विद्या देऊ शकतो. तिचे काय करावे, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.