पागेचा पावसाळा

मराठ्यांच्या घोडदळाचें नांव निघालें कीं भरधाव सुटलेला स्वार डोळ्यांपुढें उभा राहतो. चित्रकारांनीं तो वारंवार काढला आहे, आणि घोड्यावर बसावयास शिकणाऱ्या हौशी तरुणांच्या मनांतही तोच असतो. पण आज मी बोलणार आहें तें थांबलेल्या घोड्याविषयीं. बाहेर आषाढाची झड लागली असतां छपराखालीं बांधलेल्या आणि तोबऱ्याची वाट पाहणाऱ्या घोड्याविषयीं.

शिवाजीमहाराजांच्या स्वारांत दोन प्रकार होते. शिलेदाराचें घोडें त्याचें स्वतःचें. बारगीर बसे तें घोडें सरकारी पागेचें. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली, तींत पागेची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदार मिळून एक जुमला, आणि दर २५ घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. वाचतांना आपण हे शेवटचे दोघे ओलांडून पुढें जातों. पण घोडें दिवसाला निदान २५ लिटर पाणी पितें. म्हणजे त्या एका पखालजीनें रोज ६०० लिटरांहून अधिक पाणी वाहावयाचें, आणि नालबंदाच्या हाताखालीं १०० खूर!

सभासद सांगतो कीं लष्करानें आठ महिने परमुलखांत राहावें, व पर्जन्यकाळीं स्वदेशीं छावणीस यावें. तेथें दाणा, वैरण, औषधें आणि गवतानें शाकारलेलीं घरें आधींच सिद्ध असत. दसरा होतांच पुन्हां कूच. हे मधले चार महिने विश्रांतीचे वाटतात. घोडीं राखणारा जाणतो कीं तेच कसोटीचे होत. घोडें थंडी सोसतें, ओल सोसत नाहीं. चिखलांत उभें राहून त्याचा खूर मऊ पडतो व तळव्यास घाण सुटते. बसून असलेल्या जनावरास कामावरचा पुरा दाणा घातला तर पोटशूळानें तें लोळूं लागतें. खोगीर ओलें राहिलें तर आंतली भर कुजून तिचे गोळे होतात, आणि पुढें स्वारीच्या वेळीं त्या गोळ्यांनीं पाठीस जखमा पडतात. खोगीरभरती हा शब्द आपण हल्लीं निरुपयोगी माणसांस लावतों; घोड्याला विचारलें असतें तर तो शब्द त्यानें इतक्या हलकेपणानें वापरूं दिला नसता.

वैशाखांतील महाराजांचें एक पत्र उपलब्ध आहे. चिपळूण तर्फेंत हालवर्ण येथें पागा उतरली होती, तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस तें लिहिलें आहे. पन्हाळा हस्तगत झाला होता. पण पत्रांत विजयाचा शब्द नाहीं, आहे तो दाण्यागवताचा हिशेब. पावसाळ्याकरितां केलेली बेगमी लष्कराच्या मुक्कामानें बरीचशी आधींच खर्चली होती. कारकुनांकडून व गडोगडींहून गल्ला देववून ती कशीबशी भरून काढली होती. आतां मनास येईल तसें चाराल तर भर पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं मरूं लागतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल, असें महाराज बजावतात. कारकून मोजून देतील तेवढाच दाणा रोजच्या रोज घ्यावा, म्हणजे उपास न पडतां घोडीं हळूहळू तवानीं होतील.

परंतु त्यांची खरी चिंता पुढें आहे. पागेचा दाणा सरला कीं स्वार कुणब्याच्या घरीं जाणार. कोणी धान्य, कोणी भाकर, कोणी फाटे उचलून आणणार. मग जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील, आणि मोगलांहून तुम्हीच वाईट असें त्यांस वाटेल. ज्यास जें हवें तें त्यानें बाजारांतून विकत आणावें, अशी स्पष्ट ताकीद आहे. घोड्याच्या तोबऱ्यापासून रयतेच्या चुलीपर्यंतचें हें अंतर किती थोडें असतें, हें मोठमोठ्या सेनापतींसही पुष्कळदा उमगलेलें नाहीं.

आणि त्यानंतर आग. गवत पसरलेलें असतां, वारा सुटला असतां, कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव घेईल. रात्रीं घरांत दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एका खणास आग लागली कीं सारे खण जळतील, घोडीं जातील, आणि मग कोणास कितीही शिक्षा केली तरी नवा खण उभारावयास एक लांकूड मिळणार नाहीं. पुढें ज्याच्या मस्तकावर छत्र धरलें गेलें, तो राजा त्या वैशाखांत छावणींतल्या उंदराचा विचार करीत होता.