स्वराच्या बळाची खूण

स्वर कोणता हे लिहिण्याची रीत युरोपात फार जुनी. तो मृदू काढावा की जोरकस, हे लिहिण्याची रीत मात्र उशिराची. १५९७ साली व्हेनिसमध्ये जोव्हान्नी गाब्रिएलीचा ‘साक्रे सिम्फोनिये’ हा संग्रह छापला गेला. त्यातील ‘सोनाता पियान ए फोर्ते’ ही दोन वाद्यवृंदांची, आठ स्वरपंक्तींची रचना. एकच वृंद वाजे तेथे ‘पियान’, दोन्ही मिळून वाजत तेथे ‘फोर्ते’. वादकापुढील पोथीत केवळ त्याचीच पंक्ती. म्हणून खूणही पोथीपोथीत छापावी लागे. आज संगणकावर पाच रेघांच्या एकाच पट्टीत दोन पंक्ती लिहिल्या की ठरवावे लागते : खूण एकीची की दोघींची? ते चुकले तर साथ मुख्य स्वरावर कुरघोडी करते. गाब्रिएलीच्या पोथ्यांत हा प्रश्नच नव्हता.