वजनावर मोजलेले मोल
विमानतळावरील वजनकाट्याचा इतिहास केवळ विमानाच्या वहनक्षमतेचा नाही. तो भरपाईचाही आहे.

१२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा करार झाला. सामानाच्या पावतीवर नगांची संख्या व वजन नोंदवावे आणि सामान हरवल्यास किलोमागे भरपाईची मर्यादा २५० सुवर्ण फ्रँक असावी, असे त्यात ठरले. १९३४ च्या कायद्याने भारतानेही हीच पद्धत स्वीकारली.

परिणाम विलक्षण होता. दहा किलोच्या बॅगेस २,५०० फ्रँकची मर्यादा, वीस किलोच्या बॅगेस ५,००० ची. मग पहिलीत आयुष्यभराची हस्तलिखिते असोत आणि दुसरीत जुनी भांडी. सामान सोपवतानाच त्याचे अधिक मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरण्याची वाट होती; ती न धरणाऱ्याच्या वाट्याला काट्याचा हिशेब येई.

१९९९ च्या माँट्रियल कराराने ही मर्यादा किलोवरून प्रवाशावर आणली: आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात प्रत्येकी १,०००. भारतासाठी तो करार २००९ मध्ये लागू झाला.

काटा आजही जादा वजनाचे शुल्क ठरवतो. हरवलेल्या बॅगेचे मोल ठरवण्याचा त्याचा अधिकार मात्र गेला.