वाघांच्या जिल्ह्यात रिमोटचं विमान उडवायचंय? चंद्रपूर-गडचिरोलीचे नियम जरा वेगळे आहेत

इन्स्टावर एखादं रील येतं. मोकळं मैदान, हातात रिमोट घेतलेला एक माणूस आणि आभाळात गिरक्या मारणारं छोटं विमान. बघणाऱ्याला वाटतं, आपल्याकडे तर चंद्रपूर-गडचिरोलीत जागाच जागा आहे, आपण का नाही उडवायचं?

उडवता येतं. पण या दोन जिल्ह्यांत अडचण जागेची नसते. खाली वाघ आहे, वर पोलिसांचं हेलिकॉप्टर आहे, बाजूला कोळशाच्या खाणी आणि दारूगोळ्याचा कारखाना आहे. म्हणून इथे विमान कसं उडवायचं याच्या आधी ते कुठे आणि कधी उडवायचं, हे शिकावं लागतं.

हा छंद आला कुठून?

१८९८ साली निकोला टेस्लानं न्यूयॉर्कमध्ये रेडिओ लहरींवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली. विमानाला मात्र आणखी वेळ लागला. १९३७ च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. तेव्हाचे रेडिओ इतके जड असायचे की ते उचलण्यासाठीच विमान मोठं करावं लागायचं.

आज सगळं सामान तळहातावर मावतं. पंखा फिरवणारी ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या सर्व्हो मोटरी, सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि लिथियम पॉलिमर म्हणजे लिपो बॅटरी. सांगाडा फोमचा किंवा डेप्रॉनचा. आपल्याकडे बरेच जण तो स्वतःच कापून चिकटवतात. त्यात भर म्हणजे ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात.

क्लबमध्ये नेमकं काय चालतं?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की चार मित्र रविवारी खेळायला जमलेत. पण क्लब असतो तो मुख्यतः शिस्तीसाठी.

पूर्वी प्रत्येक रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरलेली असायची. दोघांची एकच निघाली तर एकाचं विमान हमखास पडायचं. म्हणून मैदानावर फ्रिक्वेन्सीच्या चिमट्यांचा बोर्ड असायचा, चिमटा ज्याच्याकडे तोच उडवणार. आता २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपोआप चॅनल बदलत राहतात, त्यामुळे तो बोर्ड गेला. बाकीचे नियम राहिले.

उडवणारे सगळे एका ओळीत उभे राहतात आणि विमान त्या ओळीच्या मागे न्यायचं नसतं. शेजारी एक स्पॉटर असतो. उडवणाऱ्याची नजर विमानावर, स्पॉटरची बाकी आभाळावर आणि मैदानात घुसणाऱ्या माणसा-जनावरांवर. नवख्याला एकट्याला सोडत नाहीत. दोन रिमोट जोडतात आणि गडबड झाली की शिकवणारा ताबा घेतो. याला बडी बॉक्स म्हणतात.

उडवण्याआधीची तपासणीही ठरलेली. रिमोटचा सिग्नल किती लांब जातो? स्टिक डावीकडे केली की पट्ट्या बरोबर दिशेनं हलतात का? विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर येतो का? तोल मागे गेला की विमान हाताबाहेर जातं. पहिल्याच उड्डाणात पडलेली कितीतरी विमानं तोल किंवा उलट्या पट्ट्यांमुळे पडलेली असतात.

हे सगळं शिकायचा सोपा रस्ता म्हणजे एनसीसीची एअर विंग. तिथे कॅडेट्सना एरोमॉडेलिंग शिकवतात आणि त्याच्या स्पर्धाही होतात. दुसरा रस्ता इंजिनिअरिंग कॉलेजांचा. तिथली मुलं अशी विमानं बनवून देशभरातल्या स्पर्धांना जातात.

कायदा काय म्हणतो?

इथे अनेकांची गल्लत होते. ‘माझं ड्रोन नाही, साधं विमान आहे’ हा बचाव चालत नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांत माणूस न बसवता उडणारी सगळी यंत्रं येतात. पण छंदवाल्यांसाठी त्यात एक वेगळा वर्ग आहे. २५ किलोपर्यंतचं, फक्त शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा मौजेसाठी वापरलं जाणारं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं यंत्र म्हणजे ‘मॉडेल’. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. वजन दोन किलोपर्यंत असेल आणि धंद्यासाठी उडवत नसाल, तर पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ओळख क्रमांक घेणं मात्र यातून सुटत नाही.

आभाळाचेही तीन रंग केलेत. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. यलो झोनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते आणि रेड झोनमध्ये थेट केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही ग्रीनची मर्यादा २०० फुटांवर येते. २४ सप्टेंबर २०२१ ला देशाचा असा नकाशा आला, तेव्हा सुमारे ९० टक्के आभाळ ग्रीन असल्याचं सांगितलं गेलं. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नकाशा एकदाच बघून भागत नाही. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी एखाद्या भागाला काही काळापुरतं रेड झोन करू शकतो. त्यामुळे काल उडवलं तिथे आज चालेलच असं नाही.

चंद्रपूर: हिरवा नकाशा आणि हिरवं जंगल वेगळं

नकाशावर ग्रीन दिसलं म्हणजे वनखात्याचा कायदा संपला, असं होत नाही. १९५५ साली झालेलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. आज ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफरसकट सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरवर पसरलाय. उद्यान आणि अभयारण्यात परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, तिथे विमान उडवायचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणंसुद्धा येतं. त्यामुळे हरणांच्या कळपामागे विमान लावून व्हिडिओ काढणं ही मस्करी राहत नाही.

प्राणी पळाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, असंही नाही. अमेरिकेत काळ्या अस्वलांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ड्रोन डोक्यावर आलं तरी बहुतेक अस्वलं जागची हलली नाहीत. पण अंगातल्या यंत्रांनी दाखवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत होते, एकाचे तर मिनिटाला १२३ नं.

आभाळातही शेजारी आहेत. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरहून पांढऱ्या पाठीची १० गिधाडं ताडोबातल्या बोटेझरीला आणली गेली. घारी तर सगळीकडेच. आपल्या हद्दीत आलेल्या विमानावर घार सरळ झडप घालते आणि फिरणाऱ्या पंख्यात तिचा पाय किंवा पंख जाऊ शकतो. घार घिरट्या घालू लागली की विमान उतरवायचं, एवढं सोपं आहे.

सगळ्यात मोठा धोका मात्र विमान पडल्यावर सुरू होतो. वाघ काही फक्त ताडोबातच राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागात शेताला लागून जंगल आणि जंगलात वाघ, अशी स्थिती आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलात वाकून काहीतरी शोधणारा माणूस किती धोक्यात असतो, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. झुडपात पडलेलं विमान शोधणारा पोरगाही नेमका तसाच वाकलेला असतो. संध्याकाळी विमान जंगलात गेलं तर ते गेलं असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी वनरक्षकाला सांगायचं.

जिल्ह्याची औद्योगिक बाजूही आहे. भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना, चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, आजूबाजूला वेकोलिच्या खाणी, शिवाय मोरव्याची धावपट्टी. या सगळ्यांपासून लांबच बरं.

गडचिरोली: इथे विमान खेळणं वाटत नाही

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनक्षेत्र आहे. आणि माओवादी चळवळीमुळे इथे कित्येक वर्षं सुरक्षा दलांचा पहारा राहिलाय. दुर्गम भागात निवडणुकीची पथकं हेलिकॉप्टरनं जातात, जखमींनाही हेलिकॉप्टरनंच आणतात. ती झाडांच्या जवळून, खालून उडतात. तुमचं विमान ४०० फुटांच्या आत असलं तरी ते त्यांच्या वाटेत येऊ शकतं.

दुसरं कारण संशयाचं. २०१९ साली शेजारच्या छत्तीसगडमध्ये सुकमा जिल्ह्यातल्या किस्टाराम कॅम्पवर अनोळखी ड्रोन घिरट्या घालताना दिसल्याच्या, आणि दिसताच पाडायचे आदेश निघाल्याच्या बातम्या आल्या होत्या. लांबून बघणाऱ्या जवानाला ड्रोन कुठलं आणि फोमचं विमान कुठलं हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे गडचिरोलीत उडवायचं तर आधी पोलीस ठाण्यात आणि गावच्या ग्रामपंचायतीत लेखी सांगा. गावकऱ्यांना विमान हातात घेऊन दाखवा. माहीत असलेली गोष्ट संशयाची राहत नाही.

मग उडवायचं कधी आणि कुठे?

धान कापून झाल्यावर बांध्या मोकळ्या होतात. नोव्हेंबर ते जानेवारीच्या सकाळी वारा कमी आणि हवा थंड असते. हा या पट्ट्यातला सगळ्यात चांगला काळ. बांधीच्या धुऱ्याला चाकं अडकतात, म्हणून हातानं फेकून उडवायचं आणि पोटावर उतरणारं मॉडेल बरं पडतं. जंगलाच्या कडेपासून भरपूर अंतर ठेवायचं. ओली पानं २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषतात आणि विमान झाडांमागे गेलं की संपर्क तुटू शकतो.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम. या काळात न उडवलेलंच बरं. विमान आपटून लिपो बॅटरी फाटली तर ती पेटते, आणि खाली पाचोळा असेल तर एका छंदापायी अख्खं जंगल जळू शकतं. शिवाय चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. बंद गाडीत ठेवलेली लिपो त्या उष्णतेत फुगते. उडवायचं नसेल तेव्हा बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. मैदानावर वाळूची बादली असू द्या.

जंगलालाच या छंदाची गरज पडली

आता यातली गंमत बघा. २०१२ साली लियान पिन को आणि सर्ज विच या दोन संशोधकांना इंडोनेशियातलं ओरांगउटानचं जंगल वरून बघायचं होतं. तयार यंत्रं परवडणारी नव्हती. मग त्यांनी छंदवाल्यांचं साधं फोमचं विमान घेतलं, त्यात कॅमेरा आणि ऑटोपायलट बसवला आणि दोन हजार डॉलरच्या आत काम भागवलं. त्यातून ‘कन्झर्व्हेशन ड्रोन्स’ हा उपक्रम उभा राहिला. आज झाडतोड, वणवे आणि प्राण्यांची मोजणी यासाठी जगभर अशी यंत्रं वापरतात.

म्हणजे ज्या जंगलावर छंदासाठी विमान न्यायला बंदी आहे, त्याच जंगलाला विमान नीट उडवता येणारी माणसं लागतात. वारा ओळखणं, तोल बसवणं, बॅटरी सांभाळणं आणि उतरवायची वेळ समजणं हे सगळं आधी मैदानावरच शिकावं लागतं. ब्रह्मपुरीच्या किंवा आरमोरीच्या बांधीत आज फोमचं विमान नियम पाळून उडवणारी पोरं उद्या परवानगीनं, वनखात्याच्या कामासाठी त्याच जंगलावर उडवू शकतात.