घराची मागची बाजू



आमच्या गटातल्या एका ताईंचा भाचा ऑस्ट्रेलियात सिडनीला असतो. त्याने तिथल्या ग्लीब भागातल्या एका विकाऊ घराचे फोटो पाठवले. मग काय, मासिक बैठकीत हप्ते लिहायचे राहिले बाजूला आणि फोन सगळ्यांच्या हातातून फिरला. पुढून शंभर-सव्वाशे वर्षांचे जुने घर, माडीला नक्षीदार बिडाच्या जाळीचा सज्जा. मागे मात्र काचेच्या भिंतींचे नवेकोरे स्वयंपाकघर. अशा घराला तिथे वीस लाख डॉलरच्या वर किंमत सहज पडते, म्हणजे आपले दहा कोटींहून जास्त. आमच्या एक मावशी म्हणाल्या, "एवढे पैसे, आणि दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी अर्ध्या-अर्ध्या?"

मावशींनी नेमके ओळखले होते. या घरांना तिकडे टेरेस म्हणतात. आपण गच्चीला टेरेस म्हणतो, तो अर्थ इथे नाही. एका ओळीत, खांद्याला खांदा लावून बांधलेली अरुंद घरे, दोन घरांमध्ये एकच सामाईक भिंत. एका घरची आग दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून या भिंती कशा असाव्यात, याचा कायदा सिडनीत 1837 सालीच झाला होता. पुढे 1870 ते 1890 च्या सुमारास शहर झपाट्याने वाढले, तेव्हा अशा ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. राहणारे बहुतेक भाडेकरू. कामगार, गाडीवान, गोदीतले हमाल.

आता घराची मांडणी ऐका. पुढे बैठकीची खोली, तिच्यामागे दुसरी, वर झोपायच्या खोल्या. सगळा थाट रस्त्याच्या बाजूला. स्वयंपाकघर, भांडी घासायची मोरी आणि धुण्याची जागा मागे. धुण्याच्या जागेत आपल्या बंबाची आठवण यावी अशी तांब्याची मोठी कढई बसवलेली असे. तिच्याखाली जाळ घालून कपडे उकळायचे. सोमवार हा धुण्याचा दिवस. परसाच्या टोकाला संडास आणि त्यामागे अरुंद बोळ. त्या बोळातून मैला उचलणारे येत. म्हणजे बाईचा दिवस ज्या जागेत जायचा, ती जागा रस्त्यावरून दिसायचीच नाही. हे काही आपल्याला नवीन नाही.

आणि घर कोणाचे? भाड्याचे असेल तर मालकाचे. विकत घेतलेले असले तरी लग्न झालेल्या बाईचे नव्हे. इंग्रजी कायद्याने लग्नानंतर बायकोची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जायची, तिची कमाईसुद्धा. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स प्रांतात आहे, तिथे 1879 आणि 1893 च्या कायद्यांनी हे बदलले. त्याआधी बांधलेल्या कितीतरी घरांच्या दारावर बायकांची नावे कोरलेली होती. तिकडे घराला नाव द्यायची पद्धतच होती. नाव दारावर, कागदावर नाही.

असेच एक नाव होते एल्सी.

ग्लीबची बरीच जमीन चर्चची. 1790 मध्ये गव्हर्नर फिलिप यांनी चर्चसाठी चारशे एकर राखून ठेवली. (तिथल्या मूळ लोकांना कोणी विचारले नव्हते, हेही सांगायला हवे.) 1970 च्या सुमारास चर्चच्या मालकीची पुष्कळ घरे पडायला आली होती, काही रिकामीच होती. तेव्हा नवऱ्याच्या मारातून निघालेल्या बाईला जायला जागा नव्हती. पोलीस म्हणायचे, हा घरातला मामला. माहेर लांब, हातात पैसा नाही.

मार्च 1974 मध्ये काही बायका वेस्टमोरलँड स्ट्रीटवर गेल्या. तिथे शेजारी शेजारी असलेली दोन रिकामी घरे त्यांनी उघडली, कुलपे बदलली, झाडलोट केली आणि जाहीर केले की मार खाणाऱ्या बायका आणि त्यांची मुले इथे राहतील. त्यांत लेखिका अ‍ॅन समर्स होत्या. एका घरावर आधीपासून एल्सी हे नाव होते, तेच निवाऱ्याला पडले. मार खाणाऱ्या बायकांसाठी बायकांनी स्वतः चालवलेल्या निवाऱ्यांची ऑस्ट्रेलियातली सुरुवात इथून झाली. हे सगळे बेकायदाच होते, यात शंका नाही. पण चर्चने त्यांना हुसकावले नाही, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने चर्चकडून ग्लीबमधली सुमारे सातशे घरे विकत घेऊन गरिबांसाठी राखली. पुढच्या वर्षी निवाऱ्याला सरकारी अनुदान मिळू लागले. मग इतर शहरांतही असे निवारे निघाले. एल्सीची जागा पुढे बदलली, काम आजही चालू आहे.

मला वाटते, ही घरे पाडली गेली नाहीत याचे श्रेय तिथल्या रहिवाशांना जाते. सिडनीच्या अशा वस्त्यांत बिल्डर आणि रस्तेवाल्यांपुढे उभे राहणाऱ्यांत बायका पुढे होत्या. आता त्याच ओळींतली खाजगी घरे श्रीमंत लोक घेतात. पुढचा भाग वारसा म्हणून जपायचा असतो, तो सहसा बदलू देत नाहीत. म्हणून नवे बांधकाम मागे होते. मोरी, धुण्याची जागा, संडास होते तिथे आता काचेचे स्वयंपाकघर, आणि जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो त्याचाच.

फोटो बघून झाल्यावर मी बैठकीत विचारले, आपल्यापैकी किती जणींच्या घराच्या नमुना आठवर स्वतःचे नाव आहे? दोघींनी हात वर केला. मावशी म्हणाल्या, "माझ्या घराच्या पाटीवर आहे की, सुनेचं आणि माझं!" सगळ्या हसल्या. मग एकीने विचारले, तो उतारा मिळतो कुठे. ग्रामपंचायतीत, म्हटले. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापला घेऊन यायचा, असे ठरवून आम्ही हप्ते लिहायला बसलो.