वृश्चिकदंश आणि आल्फा-ग्राही : कोकणातील एका उपचाराचा इतिहास

देवगड तालुक्यातील जामसंडे घ्या किंवा उत्तरेकडील महाड घ्या. जांभ्या दगडाच्या ह्या सबंध पट्ट्यात गडग्यांच्या फटी, चिऱ्यांच्या राशी आणि लाकूडफाटा ह्यांच्या आश्रयाने तांबडा विंचू राहतो. दंशाच्या जागी वेदना बेताची असतानाही ह्या विंचवाने, विशेषतः लहान मुलांचा, बळी घ्यावा हे कोडे ग्रामीण वैद्यकास दीर्घकाळ उलगडले नव्हते. विष थेट हृदयावर आघात करते, एवढाच तर्क पुष्कळदा केला जाई. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. परंतु मृत्यूचा मार्ग मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून जातो, ही गोष्ट त्यात निसटत होती.

ह्या भिंतीतील अरेखित स्नायू आकुंचन पावतो तो पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींच्या आज्ञेने. ग्राहीची कल्पना लँगली ह्यांनी १९०५ साली मांडली. पुढच्याच वर्षी डेल ह्यांना असे आढळले की, अर्गट दिल्यानंतर रक्तदाब वाढविणारे अॅड्रेनॅलीनच तो उतरविते. ह्या विपरीत वर्तनाचा समाधानकारक अर्थ १९४८ मध्ये आल्क्विस्ट ह्यांनी लावला : ग्राही दोन जातींचे, आल्फा आणि बीटा. रक्तवाहिन्यांतील आल्फा आकुंचन घडवितो, बीटा शिथिलन. आल्फा अडविला की उरलेल्या बीटाचाच परिणाम दिसतो. पुढे आल्फाचेही पोटविभाग झाले. त्यांपैकी आल्फा-१ उद्दीपित झाला असता पेशीतील साठ्यातून कॅल्शियम सुटते, ते कॅल्मोड्युलिनशी संयोग पावते, मायोसीनवर फॉस्फेट बसविणारे विकर जागृत होते आणि स्नायू आखडतो.

विंचवाचे विष ह्या ग्राहींना स्वतः स्पर्श करीत नाही. ते तंत्रिकांतील सोडियम मार्गिका लवकर मिटू देत नाही. त्यामुळे स्वायत्त तंत्रिकांचे संदेश थांबतच नाहीत. प्रथम ओकाऱ्या, दरदरून घाम व लाळ. मागून अॅड्रेनॅलीन व नॉरअॅड्रेनॅलीन ह्यांचा पूर. हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब चढतो, आणि आखडलेल्या वाहिन्यांच्या विरोधात रक्त लोटता लोटता हृदय थकते. अखेर फुप्फुसशोफ होऊन तोंडाला फेस येतो. (ह्याच विषातून १९९० मध्ये वेगळे काढलेले आयबेरिओटॉक्सिन हे वाहिनीच्या स्नायूला सैल ठेवणारी एक पोटॅशियम मार्गिका अडविते. संशोधकांच्या हाती ते एक उपयुक्त साधन ठरले, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.)

महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी ही लक्षणमालिका रुग्णशय्येपाशी बसून टिपली. ओकारी, घाम आणि थंड हातपाय ही पुढील हृदयविकाराची पूर्वचिन्हे होत, असे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखविले. निदानाइतकेच पुढचे पाऊल महत्त्वाचे होते. रक्तदाबावर आधीपासून वापरात असलेले प्राझोसीन आल्फा-१ ग्राही अडविते. फेंटोलामीनसारखी जुनी औषधे आल्फा-२ सुद्धा अडवीत. परिणामी तंत्रिकाग्रातून नॉरअॅड्रेनॅलीनचा स्राव अधिकच वाढे. प्राझोसीनात हा दोष नाही. शिवाय ते तोंडाने देता येते, ही बाब खेड्यातील दवाखान्यात मुळीच क्षुल्लक नव्हे. १९८६ मध्ये त्याच्या उपयोगाचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्येच आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसीननंतर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आल्याचे प्रकाशित नोंदींवरून दिसते. मात्र औषधाच्या पहिल्या मात्रेने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णास आडवेच ठेवावे लागते.

तथापि प्राझोसीन विषाचा निरास करीत नाही. ते केवळ विषाने चेतविलेल्या संदेशाचे अखेरचे दार बंद करते. सोडियम मार्गिका उघड्या असेतोवर मूळ उपद्रव चालूच राहतो. ह्या उणिवेची परीक्षा बावस्कर दांपत्याने महाड येथे ७० रुग्णांवर केली आणि निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. प्रतिविष व प्राझोसीन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसीनवरील ३५ पैकी ८. प्रतिविष हाताशी असेल तेथे दोन्ही द्यावीत, हे ह्या आकड्यांवरून स्पष्ट होते. परंतु ते पोहोचण्यापूर्वीचे तास प्राझोसीनवरच काढावयाचे असतात.