तळटीप १७ : सोरी सान लोरेन्झो
१७. इटलीतील पिएमोंते प्रांतातल्या बार्बारेस्को गावचा द्राक्षमळा, आणि केवळ त्याच मळ्यातल्या नेब्बिओलो द्राक्षांची लाल वाइन. ‘सोरी’ म्हणजे भरपूर ऊन खाणारा उतार. १९६४ साली मळा वाइन बनवणाऱ्या गाया घराण्याकडे आला; १९६७ची वाइन प्रथमच वेगळी, मळ्याच्या नावाने बाटलीत भरली गेली. नेब्बिओलोचे डोळे फुटतात लवकर, काढणी मात्र बहुधा ऑक्टोबरात. म्हणजे वसंतातली गोठवणारी थंडी, उन्हाळ्यातली गारपीट, शरदातला पाऊस, सगळे वेलीने सोसायचे. मण्यांत पाणी उतरल्यानंतरचे आठवडे सर्वांत जोखमीचे. तरीही ‘आणखी आठ दिवस थांबू’ असा येथील आग्रह असतो, कारण साल-बिया पुरत्या पिकण्याआधी घड तोडले, तर या जातीचा मुळातला तुरटपणा वाइनमध्ये कडवट होऊन बसतो.